सहा चमच्यांचा जमाखर्च

मराठी घरांत ‘साखर’ आणि ‘शुगर’ या दोन शब्दांचा अर्थ एकच आहे असा शब्दकोशांचा समज असला, तरी प्रत्यक्ष वापरात ते एकमेकांपासून इतके दूर गेले आहेत की एकाच्या जागी दुसरा घातल्यास वाक्याचा अनर्थ व्हावा. साखर डब्यात असते आणि शुगर रक्तात. साखर घातली जाते आणि शुगर निघते. साखरेचा भाव किराणा दुकानदार सांगतो आणि शुगरचा आकडा प्रयोगशाळा. आणि ‘त्यांना शुगर आहे’ या वाक्याचा व्यवहारातील अर्थ त्यांना साखर देऊ नये असा होतो. या दोन शब्दांच्या मध्ये एक अरुंद पट्टी आहे, जेथे शुगर अजून निघालेली नसते परंतु कमरेचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत येऊन ठेपलेला असतो, आणि चाळिशीच्या आगेमागे पुष्कळशी मध्यमवर्गीय माणसे याच पट्टीत येऊन उभी राहतात. येथे त्यांना आहारतज्ज्ञाकडून छापील तक्ता मिळतो व त्या दिवसापासून ती ‘डाएटवर’ असल्याचे आप्तेष्टांत जाहीर होते. प्रस्तुत लेखात अशा व्यक्तीसाठी ‘पथ्यकरी’ हा जुना शब्द योजला असून तो व्याकरणाच्या सोयीपुरता पुल्लिंगी मानला आहे. गोडाच्या बाबतीत स्त्रीपुरुष असा भेद निरीक्षणात आढळत नाही.

तक्त्यातील पहिले कलम बहुधा साखरेचे असते आणि त्यामागे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे असतात. दिवसभरात अन्नातून मिळणाऱ्या एकूण ऊर्जेत मुक्त शर्करेचा वाटा १० टक्क्यांच्या आत असावा आणि तो ५ टक्क्यांच्याही खाली आणता आला तर अधिक बरे, असे त्यांचे सार आहे. ‘मुक्त शर्करा’ म्हणजे कारखान्यात, स्वयंपाकघरात किंवा ताटात वरून घातलेली साखर, आणि तिच्या जोडीला मध, पाक व फळांचा रस यांतली साखर. अख्ख्या फळातली आणि दुधातली अंगभूत साखर या व्याख्येत येत नाही. एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, त्यामुळे दिवसाला २००० किलोकॅलरींचा आहार धरल्यास ५ टक्के म्हणजे १०० किलोकॅलरी, अर्थात २५ ग्रॅम, अर्थात साधारण सहा छोटे चमचे एवढी मर्यादा निघते. गणित चौथीच्या मुलास जमण्याजोगे आहे. पथ्यकरी ते पहिल्याच दिवशी समजावून घेतो, मान डोलावतो, आणि सहा हा आकडा आपल्या अपेक्षेपेक्षा मोठाच निघाला म्हणून मनातून सुखावतोही.

अडचण आकड्यात नसून चमच्यात आहे. मराठी स्वयंपाकघरात चमचा या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या किमान तीन वस्तू सापडतात: औषधाच्या बाटलीबरोबर आलेला प्लास्टिकचा चमचा, पोहे खाण्याचा चमचा, आणि साखरेच्या डब्यात कायमचा वस्तीला असलेला चमचा. यांतील तिसरा हा कधीकाळी आहेरात आलेल्या सहांच्या संचातील एकमेव वाचलेला असतो. त्याचा दांडा किंचित वाकलेला असतो, तो धुतला जात नाही, आणि घरातील सर्व साखर त्याच्याच हातून जात असल्याने त्याचे माप हेच घराचे प्रमाणित माप ठरते. आहारशास्त्रातील चमचा सपाट असतो आणि त्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते. डब्यातल्या चमच्यास मात्र शीग असते. शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहिलेला ढीग. धान्य मोजून देताना तो देणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा समजला जाई, आणि माप सपाट करून देणाऱ्याविषयी गावात चांगले बोलले जात नसे. शीग उतरवून साखर घालणे मराठी हाताला अजूनही जमत नाही, आणि त्यामुळे शास्त्रातले दोन चमचे घरी पोचेपर्यंत १० ग्रॅमच्या पुढे गेलेले असतात.

तथापि पथ्यकरी हिशेबाला पक्का असतो. तो दोनशे पानी वही आणतो आणि तीत वेळ, पदार्थ, साखर व शेरा असे चार रकाने आखतो. मोबाइलवरील ॲपात शिरा, शंकरपाळे व उकडीचे मोदक धडपणे सापडत नाहीत, असे वहीचे समर्थन तो करतो. पहिल्या आठवड्यातील नोंदी इतक्या काटेकोर असतात की त्यांवर लेखापरीक्षकाने डोळे मिटून सही करावी. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र वहीस एक अलिखित नियम लागू होतो आणि पुढे तोच तिची राज्यघटना बनतो: जे स्वतः होऊन, ठरवून, एकट्याने घेतले ते पथ्यकऱ्याचे, आणि जे दुसऱ्याने दिले ते देणाऱ्याचे. शेजारणीने आणून दिलेला बेसनाचा लाडू शेजारणीच्या खाती जातो, कचेरीतील वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्याच्या खाती, सत्यनारायणाचा शिरा सत्यनारायणाच्या खाती. रात्री बेरीज केली असता पथ्यकऱ्याच्या नावावर दोन-तीन चमचे निघतात, आणि त्याला आश्चर्य एवढेच वाटते की आपले शरीर या वहीची दखल का घेत नाही.

या नियमाला ढोंग म्हणणे सोपे आहे, परंतु ते अन्यायाचे होईल, कारण मराठी व्यवहारात साखर ही खाण्याची वस्तू होण्याच्या आधी बोलण्याची वस्तू आहे. लग्न ठरते ते साखरपुड्याने, म्हणजे साखरेची पुडी देऊन. पहाटेच्या गाढ झोपेला साखरझोप म्हणतात आणि मतलबी आर्जवाला साखरपेरणी. शुभ बोलणाऱ्याच्या तोंडात साखर पडावी अशी इच्छा व्यक्त होते. नव्या वर्षाच्या गुढीला साखरेच्या गाठींची माळ घालतात. संक्रांतीला गोड बोलण्याची विनंतीसुद्धा हातावर तिळगूळ ठेवल्याशिवाय करता येत नाही. ज्या भाषेत झालेगेले विसरण्याला ‘गोड मानून घेणे’ म्हणतात, त्या भाषेत पुढे आलेला पेढा नाकारणाऱ्याने नेमके काय नाकारले हे सांगणे अवघड जाते. विशेष म्हणजे संस्कृतातील ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ खडे किंवा रेव असा असून, तोच शब्द फारसी व अरबी मुलखांतून युरोपात गेला आणि तिकडे नाव पालटून अखेर शुगरच्या रिपोर्टावर बसून माहेरी परतला. जाताना तो खडीसाखर होऊन गेला होता. परतताना उपाशीपोटीचा व जेवणानंतरचा असे दोन आकडे घेऊन आला.

त्यातही महाराष्ट्रातील पथ्यकऱ्याची स्थिती इतर प्रांतांतील पथ्यकऱ्यांहून नाजूक आहे, कारण त्याने ज्या पदार्थाशी वैर मांडले आहे त्याच पदार्थावर राज्याच्या राजकारणाचा मोठा डोलारा उभा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरेकाठी लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्यानंतर कारखान्यांबरोबर शिक्षणसंस्था, बँका, दूधसंघ व आमदारही वाढत गेले. ‘साखरसम्राट’ ही उपाधी मराठी वर्तमानपत्रांनी याच भूमीत घडवली. राज्याला साखर आयुक्त आहे, त्याचे कार्यालय पुण्यात आहे, आणि पुण्याजवळच मांजरी येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट उसावर संशोधन करते. कारखानदारीत ‘उतारा’ हा शब्द उसातून प्रत्यक्ष हाती लागलेल्या साखरेच्या प्रमाणासाठी वापरतात, आणि १०० किलो उसातून १० ते ११ किलो साखर निघाली म्हणजे तो बरा समजला जातो. पथ्यकऱ्याच्या देहाचा उतारा याहून कितीतरी चांगला असतो. त्याने लग्नाच्या एका पंगतीत गाळलेला माल पुढे कित्येक हंगाम गोदामात शिल्लक राहतो.

शासनाप्रमाणे प्रत्येक पथ्यकऱ्याच्या घरीही एक साखर आयुक्त आपोआप नेमला जातो. हे पद पत्नी, पती, सासूबाई किंवा दहावीतील मुलगी यांपैकी कोणाकडेही जाऊ शकते, परंतु निरीक्षणान्ती मुलगी सर्वांत कडक ठरते, कारण शाळेत तिने पोषणाचा धडा नुकताच वाचलेला असतो आणि दयामाया हा विषय अद्याप अभ्यासक्रमाला लागलेला नसतो. आयुक्त बिस्किटाचा पुडा उलटा करून मागील बाजूचा तक्ता मोठ्याने वाचतो, त्यात एकूण साखर व वरून घातलेली साखर अशा दोन वेगळ्या ओळी असतात हे दाखवून देतो, आणि ज्या बिस्किटाला घरात पिढ्यान्‌पिढ्या आजाऱ्याचे बिस्किट म्हणून मान होता त्यातही साखर आहे हे सप्रमाण सिद्ध करून आजीला दुखावतो. आयुक्ताचे अधिकार अमर्याद असले तरी त्याची हद्द स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच असते. पंगत, कचेरी आणि माहेर हे तीन प्रदेश या अंमलाबाहेर राहतात.

फळांच्या प्रश्नावर पथ्यकऱ्यांत दोन संप्रदाय आहेत आणि त्यांच्यातील वाद शैव-वैष्णवांच्या वादाइतका मिटण्यापलीकडचा आहे. पहिला संप्रदाय असे मानतो की फळ हे निसर्गाने दिलेले असल्यामुळे त्यात साखर असूच शकत नाही. या मताचे अनुयायी रात्रीच्या जेवणाऐवजी अर्धा डझन केळी खातात आणि आपण काहीच खाल्ले नाही असे सांगतात. दुसरा संप्रदाय फळाला वेष पालटून आलेली साखर समजतो, १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे १५-१६ ग्रॅम, केळ्यात सुमारे १२, पेरूत ९ आणि पपईत ८ ग्रॅम साखर असते हे तोंडपाठ म्हणतो, आणि डब्यात आलेल्या पपईच्या चार फोडींकडे शत्रूच्या चौकीकडे पाहावे तसे पाहतो. दुसऱ्या संप्रदायाचे आकडे खरे असतात. चुकतो तो अर्थ. अख्ख्या फळातील साखर पेशींच्या भिंतींआड, पाण्यात व तंतूंत अडकलेली असते, ती चावून सोडवावी लागते, हळूहळू रक्तात उतरते आणि तोवर पोट भरते. मुक्त शर्करेच्या व्याख्येतून तिला वगळलेही आहे. सहा चमच्यांत तिची गणना होत नसली, तरी उष्मांकांत मात्र होते, म्हणून अर्धा डझन केळी ही अर्धा डझन केळीच राहतात. आणि ज्यांची शुगर खरोखरीच निघालेली आहे त्यांनी कोणते फळ किती खावे हे डॉक्टरांना विचारून ठरवायचे असते, संप्रदायाच्या गुरूला विचारून नव्हे.

या वादात ‘जीआय’ या दोन अक्षरांनी भलताच घोळ घातला आहे. टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडलेला जीआय हा ग्लायसेमिक निर्देशांक होय. एखाद्या पदार्थातील कर्बोदके रक्तातील साखर किती झपाट्याने वाढवतात हे तो ग्लुकोजला १०० धरून सांगतो, आणि तो जितका कमी तितका पथ्यकऱ्याच्या सोयीचा. दुसरा जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, जे त्या त्या प्रदेशातील नामांकित मालाला सरकारकडून मिळते. महाराष्ट्रातील फळबाजार हा जवळजवळ संपूर्णपणे या दुसऱ्या जीआयने सजलेला आहे: नाशिकची द्राक्षे, जळगावची केळी, नागपूरची संत्री, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, घोलवडचे चिकू, सोलापूरचे डाळिंब, बीडचे सीताफळ, आणि २०१८ साली मानांकन मिळालेला कोकणचा हापूस. आंब्याच्या पेटीवर ठळक अक्षरांत जीआय छापलेला पाहून तो डाएटला चालतो असा निष्कर्ष काढणारा पथ्यकरी अडाणी असतोच असे नाही. तो पुष्कळदा विज्ञान शाखेचा पदवीधर असतो आणि त्याला दोन्ही अर्थ ठाऊक असतात. मानांकन कोल्हापूरच्या गुळालाही आहे, ही गोष्ट तो अशा वेळी मुद्दाम आठवून सांगतो.

हापूसचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण त्याच्यापुढे वहीचे चारही रकाने अपुरे पडतात. पाव किलोच्या एका आंब्यात साल व कोय वजा जाता जो गर उरतो त्यात साधारण २० ते २५ ग्रॅम साखर असते, आणि तो नुसता, अख्खा, कापून खाल्ल्यास ही साखर सहा चमच्यांत धरायची नसते, येथवर प्रकरण सरळ आहे. परंतु आंबा एकटा येत नाही, तो पेटीने येतो. गवताच्या आढीत घातलेले आंबे आठवडाभर हिरवेपणाने छळतात आणि मग एका मंगळवारी सगळे मिळून एकदम पिकतात, आणि त्या क्षणापासून ‘वाया जाऊ नये’ हे तत्त्व आहारशास्त्राचा ताबा घेते. पथ्यकरी दोन फोडींची परवानगी काढतो व त्या वहीत लिहितो. फोडी कापून झाल्यावर सुरीला लागलेला गर पुसून घेणे हे स्वच्छतेचे काम असल्याने ते नोंदले जात नाही. त्यानंतर कोय उरते. ती हातात घेऊन पथ्यकरी ओट्यापाशी, मोरीच्या बाजूला वाकून, कोपरावरून ओघळणारा रस मनगटाने अडवीत उभ्या उभ्या चोखतो, आणि ती पांढरी पडून तिचे केस उभे राहीपर्यंत सोडत नाही. कोय ही फळाचा भाग नसून कचऱ्याचा भाग आहे, आणि कचऱ्यात कॅलरी नसतात, असे त्याचे मत विचारल्यास तो तोंड पुसून सांगतो.

फळ आणि रस यांच्या सीमेवर आमरस आहे, आणि हा सीमाप्रश्न बेळगावप्रमाणेच पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत पडलेला आहे. अख्खे फळ निर्दोष आणि रस मुक्त शर्करेत जमा, एवढे शास्त्राने स्पष्ट केले. कारण फळ पिळून गाळले की तंतू चाळणीत राहतात आणि साखर कैदेतून सुटलेल्यासारखी मोकळी होते. त्यावर मराठी स्वयंपाकघराने आंब्याचा गर काढला, तो घोटला, आंबटपणाच्या नुसत्या शंकेने त्यात साखर घातली, जायफळ किसले, आणि सोबतीला पुऱ्या तळल्या. फळ जात्याच गोड असते यावर या स्वयंपाकघराचा मुळातच विश्वास नाही. केळ्याला ते दूध व साखर घालून शिकरण करते, आणि कैरीचे पन्हे व कोकमाचे सरबत यांत मुख्य घटक कैरी व कोकम असल्याचा केवळ भास असतो. उसाचा रस तर आपले स्वरूप लपवण्याच्या भानगडीतही पडत नाही. रसवंतीगृहातील चरकाचे घुंगरू वाजू लागले की पथ्यकरी ‘बर्फ कमी’ असे बजावतो. पथ्य पाळल्याचे समाधान त्याला तेवढ्यानेही मिळते.

साखर सोडलेल्या माणसाला गूळ, मध आणि खजूर हे तीन नातेवाईक लगेच आसरा देतात. गूळ हा उसाचाच रस आटवून केलेला असल्यामुळे त्यात बहुतांश साखरच असते, आणि त्यातील थोडीफार खनिजे मिळवण्यासाठी तो जितका खावा लागेल तितका खाल्ल्यास खनिजांची चिंता करण्याचे कारण उरत नाही. मधात सुमारे चार पंचमांश साखर असते. आणि सुकलेल्या खजुरात निम्म्याहून अधिक. तरीही ‘शुगर फ्री’ या शिक्क्याखाली खजूर व सुक्या मेव्याच्या वड्या, गुळाचा चहा आणि मधाचे लाडू यांचा खप दिवाळीत जोरात असतो, आणि पथ्यकरी त्यांतले दुप्पट खातो, कारण एरवी दोन लाडू खाणाऱ्या माणसाला हे लाडू आरोग्याचे असल्यामुळे चार खाण्याची मुभा मिळते. उपवासाच्या दिवशी माणूस अधिक खातो हे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या म्हणीने फार पूर्वीच नोंदवले आहे. डाएटच्या लाडवांनी तीच म्हण चालू काळाला लावून दाखवली एवढेच.

साखरेवाचून गोडी आणणाऱ्या पदार्थांचा इतिहास मात्र पथ्यकऱ्याला धीर देणारा आहे, कारण तो बराचसा हात न धुणाऱ्या माणसांनी घडवलेला आहे. १८७९ साली कॉन्स्टंटिन फालबर्ग हा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून तसाच जेवायला बसला आणि त्याला पाव गोड लागला, त्यातून सॅकरिन सापडले. १९६५ साली जेम्स श्लाटरने कागद उचलण्यासाठी बोट चाटले आणि अ‍ॅस्पार्टेम हाती आले. १९७६ साली लंडनमध्ये शशिकांत फडणीस या संशोधकास एक संयुग तपासून पाहण्यास सांगण्यात आले असता, इंग्रजीतील ‘टेस्ट’ हा शब्द त्यांना ‘टेस्ट’ असाच परंतु चव घेण्याच्या अर्थाने ऐकू आला, त्यांनी ते सरळ चाखले, आणि साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असे सुक्रालोज जगाला मिळाले, असे सांगितले जाते. देवनागरीत हे दोन्ही शब्द एकसारखेच लिहावे लागतात, हे ध्यानात घेता दोष फडणिसांच्या कानाकडे जात नाही. २०२३ साली मात्र जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पदार्थांवर विसंबू नये असा सल्ला दिला. पथ्यकऱ्याच्या चहात पडणाऱ्या दोन गोळ्या एरवीही गोड पोह्यांच्या जोडीलाच घेतल्या जात असल्यामुळे त्याच्या वजनावर या सल्ल्याचा परिणाम झाला नाही.

गोळ्या असोत वा नसोत, पथ्यकऱ्याच्या दिवसातील खरा गुन्हेगार चहा असतो, आणि तो इतका उघड्यावर वावरतो की त्याच्यावर कोणाचा संशयच जात नाही. मराठी घरातील चहा कपात गोड होत नाही, तो पातेल्यात गोड होतो. चार वाजता पातेले चढते, पाण्याबरोबरच आठ चमचे साखर शिगेसकट पडते, मग आले ठेचले जाते, गवती चहाची पात मोडून टाकली जाते, पावडर पडते, दूध वर येते, आणि तो गाळणीतून चार कपांत उतरतो तेव्हा आपल्या वाट्याला दोन चमचे आले हे पथ्यकऱ्याच्या ध्यानातही येत नाही, कारण त्यातला एकही त्याने घातलेला नसतो. ‘माझ्यापुरता बिनसाखरेचा वेगळा ठेवा’ असे म्हटल्यास एका माणसासाठी दुसरे पातेले घासावे लागते, आणि ते कोण घासणार हा प्रश्न आहारशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. म्हणून पथ्यकरी ‘अर्धाच द्या’ अशी तडजोड करतो व असे दोन अर्धे घेतो. सकाळचा, अकराचा, चारचा आणि कचेरीतून आल्यानंतरचा असे चार चहा धरले तर ४० ग्रॅम साखर होते, म्हणजे २५ ग्रॅमची मर्यादा एकही गोड पदार्थ न खाता ओलांडली जाते. वहीत मात्र त्या दिवशी एकच नोंद तांबड्या शाईने केलेली असते: ‘केळे, १. साखर, १२ ग्रॅम. शेरा: मोह आवरला नाही.’

हा घोटाळा उघडकीस येतो तो वहीतून नव्हे, डब्यातून. घरगुती साखर आयुक्त महिनाअखेरीस किराण्याची यादी करायला बसतो आणि त्याला एक साधा भागाकार सुचतो: घरात माणसे चार, महिन्याला साखर आणली चार किलो, म्हणजे माणशी एक किलो, म्हणजे दिवसाला सुमारे ३३ ग्रॅम; आणि यात बाहेरचा चहा, बिस्किटे, गूळ व शेजारणीचा लाडू धरलेला नाही. पथ्यकऱ्याच्या वहीप्रमाणे त्याने महिनाभरात जेमतेम ३०० ग्रॅम साखर खाल्ली होती. उरलेली ७०० ग्रॅम मुंग्यांनी नेली असे मानावयाचे झाल्यास त्या मुंग्यांनाही आहारतज्ज्ञाकडे नेणे भाग होते. वही आणि डबा यांच्यात विसंगती आढळल्यास डब्याचे मत ग्राह्य धरावे, हा लेखापरीक्षणाचा नियम आयुक्ताने तेथे प्रथम मांडला, आणि पथ्यकऱ्याने तो चहाचा घोट घेत मान्य केला.

त्यानंतरची सुधारणा गाजावाजा न होता घडते. पातेल्यात साखर घालणे बंद होते आणि ज्याने त्याने आपल्या कपात घालावी असे ठरते. डब्यातल्या जुन्या चमच्याचा दांडा सरळ केला जातो व शीग बोटाने उतरवली जाते. चार चहांचे दोन होतात आणि प्रत्येकात एक सपाट चमचा पडतो, म्हणजे दिवसाचे ८ ग्रॅम, आणि तरीही चार चमच्यांची शिल्लक हाताशी राहते. महिनाभर बंदीवासात असलेली केळी, पेरू व पपई सन्मानाने घरात परततात. वहीच्या रकान्यांत ‘कोणी दिले’ असा पाचवा रकाना वाढतो, आणि तो भरू लागल्यावर पथ्यकऱ्याच्या असे ध्यानी येते की त्याच्या पोटात जाणारी बहुतेक साखर त्याला आवडते म्हणून जात नव्हती; ती नाही म्हणताना समोरच्याचा चेहरा पडेल या भीतीने जात होती, आणि तो चेहरा फळाच्या बशीनेही तितकाच खुलतो हे कोणी कधी करून पाहिलेले नव्हते. दोन महिन्यांनी वजनकाट्यावर दीड किलो कमी भरते.

ही वार्ता घरात पसरताच आजी देवापुढे साखर ठेवते, आणि संध्याकाळी साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा येतो, कारण एवढ्या आनंदाच्या प्रसंगी तोंड गोड करावयाचे नाही तर केव्हा. पथ्यकरी आता प्रामाणिक झालेला असल्यामुळे तो आयुक्ताच्या डोळ्यांदेखत सुरीने पेढ्याचे चार भाग करतो, त्यांतला एक खातो, ‘पाव पेढा, दिला: आजीने’ अशी स्वच्छ अक्षरांत नोंद करतो, आणि त्या दिवसाचे सहा चमचे बरोबर भरल्याचे पाहून बेरजेखाली दोन रेघा ओढतो. उरलेले तीन भाग वाटीत झाकून फ्रिजमध्ये ठेवले जातात. जमाखर्चाच्या शास्त्राप्रमाणे एका दिवसाचे खाते मध्यरात्री बंद होते आणि पुढील क्षणी सहा कोऱ्या चमच्यांनिशी नवे खाते उघडते, हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे घर गाढ झोपेत असताना, फ्रिजच्या उघड्या दाराच्या उजेडात, एका हातात वाटी व दुसऱ्या हातात वही घेऊन तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बारा वाजण्याची वाट पाहत उभा राहतो.